घेतलं, सोडा

विट्यात भर दुपारी कुणी बायकांचा फुटबॉल बघत बसलंय, तोही म्यानमारच्या बायकांचा, असं सांगितलं तर ऐकणारा आधी आपल्याला नीट न्याहाळेल आणि मग चहा पाजून घरी पाठवेल. या गावाला कुस्ती कळते, क्रिकेट कळतं. बैलगाड्यांच्या शर्यती मोबाइलवर बघता बघता एसटी चुकवणारेही इथं रग्गड आहेत. पण फुटबॉल म्हणजे शाळेच्या पटांगणात हवा गेलेला एक चेंडू पडलेला असतो तो, एवढीच गावाची समजूत.

प्रियदर्शनी मात्र बघायची. बापानं हौसेनं नाव एवढं लांब ठेवलं, पण हाक मारायला सवड कुणाला. घरात ती दर्शनाच. वय तेहतीस, लेक शिवांजली सातवीत, नवरा उदयसिंह कोइमतूरला. नवरा बाहेरगावी हे विट्यात वेगळं सांगावं लागत नाही. इथं घरटी एक माणूस कुठल्या तरी लांबच्या शहरात गलाईच्या दुकानात बसलेला असतो. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा ही माणसं विकत घेतात, जाळतात, धुतात आणि त्यातून सोन्याचा कण काढतात. केरातला कण दिसतो, पण घरचं माणूस दिसतं वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि गावच्या जत्रेला. उदयसिंहही तेवढाच यायचा आणि जाताना शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन परत जायचा.

घरात उरल्या दोघी, दर्शना आणि तिची सासू सुलाबाई. सासूला ती आत्या म्हणायची. सुलाबाईंचं तोंड फटकळ, पण पोटात काही नाही. सून मोबाइलमध्ये तोंड घालून बसली की त्या म्हणायच्या, "त्या पोरी चेंडूमागं पळून दमत्यात, आन तू बघून दमतीस. भाकऱ्या म्याच थापायच्या का आता?"

यंदाच्या श्रावणात तिकडे व्हिएतनामला आग्नेय आशियातल्या देशांची बायकांची स्पर्धा भरायची होती. चार दिवस आधी म्यानमारच्या संघाची यादी आली. दर्शनानं भाकरी थापता थापता पिठाच्या बोटानं मोबाइल सरकवत ती वाचली. तेवीस नावं. त्यांत गोलकीपर तिघी. थीडा नव्हती. दर्शनानं यादी परत वरून खाली वाचली, मग खालून वर. नाव असायला हवं होतं त्या तिसऱ्या जागी कुणा एकोणीस वर्षांच्या पोरीचं नाव होतं. तव्यावरची भाकरी करपली.

"ध्यान कुठं हाय गं?" सुलाबाई बाहेरच्या सोप्यातनं ओरडल्या.

"हितंच हाय की आत्या."

इथं कुठली असायला! ती गेली होती पार मोऱ्याला.

मणिपुरात अगदी ब्रह्मदेशाच्या हद्दीला लागून मोरे नावाचं गाव आहे. इकडे कुणाला सांगितलं की 'कुठल्या मोऱ्यांच्यात?' असं विचारतात, म्हणून दर्शनानं सांगायचंच सोडून दिलं होतं. तिचे वडील जोतीराम मायणीजवळच्या एका खेड्यातले. सगळे गलाईवाले मोठमोठ्या शहरांत गेले आणि हा गडी देश संपतो तिथं जाऊन बसला. का, तर तिथं दुसरा कुणी गलाईवाला नव्हता. दर्शना तिथल्याच शाळेत वाढली. घरात मराठी, बाजारात हिंदी, मैदानावर मणिपुरी आणि भांडताना तिन्ही.

मणिपुरातल्या पोरींना चालता यायला लागलं की चेंडू लाथाडता येतो. दर्शनाही त्यांच्यात शिकली. ती मागे उभी राहायची, गोलच्या पुढ्यात, येणाऱ्याला अडवायला. आणि तिच्या मागे, गोलात, थीडा.

थीडा हद्दीपलीकडच्या तामू गावची. तिची आई सकाळी हद्दीवरचं गेट उघडलं की मेणबत्त्या, छत्र्या, रबरी चपला घेऊन मोऱ्याच्या बाजारात यायची आणि रविवारी सोबत थीडालाही आणायची. दिवसभराची परवानगी असे, संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत परत. त्यांचं घड्याळ आपल्या एक तास पुढे. त्यामुळं खेळ रंगात आला की थीडाची आई मैदानाच्या कडेला येऊन उभी राहायची आणि मनगटावर बोट आपटून दाखवायची. दर्शनाला वाटायचं, यांचा तास मुद्दाम पुढे नेऊन ठेवलाय, आपला खेळ मोडायला.

थीडा उंच, हात लांब, उडी मांजरीची. एकच खोट. पोरगी तोंड उघडायची नाही. तिला मणिपुरी येत नव्हतं, हिंदी तोडकं मोडकं, आणि स्वभाव लाजरा. गोलकीपरनं चेंडूवर झेपावताना ओरडायचं असतं, म्हणजे पुढची खेळाडू बाजूला होते. थीडा मुक्यानं झेप घ्यायची. एकदा उंचावरून आलेल्या चेंडूवर दर्शना डोकं लावायला गेली आणि मागून थीडाच्या मुठी आल्या. दर्शनाच्या डाव्या भुवईवर चार टाके पडले. तो वण अजून आहे, तिथं केस उगवत नाहीत.

टाके घातलेल्या भुवईनं दर्शना थीडाला हाताला धरून वडिलांच्या दुकानात घेऊन गेली.

दुकान कसलं, काड्यापेटी. पुढच्या खोलीत साचा, मागच्या बोळात भट्टी, आणि मधल्या भिंतीत टीचभर खिडकी. जागाच नसल्यामुळं जोतीरामांनी एक पद्धत पाडली होती. सोनं वितळवायचं भांडं म्हणजे मूस; ती लालभडक मूस ते लांब चिमट्यानं भट्टीतून उचलायचे आणि खिडकीतून पुढे करायचे. पुढच्या खोलीत त्यांचा गडी धुळा आपल्या चिमट्यात ती धरायचा आणि साच्यात ओतायचा. खिडकी एवढी लहान की या बाजूच्याला त्या बाजूच्याचं तोंड दिसत नसे. नुसते दोन चिमटे आणि मधे आग. एकदा धुळानं नीट धरलं नव्हतं आणि जोतीरामांनी सोडलं. मूस धुळाच्या पायावर पडली. तेव्हापासून दुकानाचा कायदा झाला. घेणाऱ्यानं पक्कं धरलं की मोठ्यानं म्हणायचं, "घेतलं, सोडा!" ते कानावर आल्याशिवाय देणाऱ्यानं सोडायचं नाही. आणि सोडताना त्यानं म्हणायचं, "सोडलं!" चार सोनार दुकानात बसलेले असोत नाहीतर देव येऊन उभा राहो, हे दोन शब्द झाल्याशिवाय मूस हलायची नाही.

थीडा पुढच्या खोलीत उभी राहून हे बघत होती. खिडकीतून आग आली, धुळा ओरडला, "घेतलं, सोडा!" पलीकडून जोतीरामांचा आवाज आला, "सोडलं!" आणि सोन्याची धार साच्यात पडली.

दर्शनानं आपल्या टाक्यांवर बोट ठेवलं आणि हिंदीत म्हणाली, "असं. तोंड दिसत नाही ना? मग आवाज पायजे. तू माझ्या मागं असतीस, मला तू दिसत न्हाईस. तू घेतलंस हे मला कसं कळायचं?"

थीडानं मान हलवली. धुळानं पायातली वहाण काढून तिला पायावरचा वण दाखवला. बोलण्यापेक्षा तो वणच पोरीला जास्त पटला असावा.

पुढच्या रविवारी थीडा पहिल्यांदा ओरडली. "घेतलंऽ, सोडाऽ!" एवढ्या मोठ्यानं, की गेटवरच्या जवानानं वळून बघितलं. दर्शना बाजूला झाली, चेंडू थीडाच्या हातात, आणि न ठरवता दर्शनाच्या तोंडून निघालं, "सोडलं!" मैदानावरच्या मणिपुरी, तमिळ, नेपाळी पोरी पोट धरून हसल्या. पण महिन्याभरात सगळ्याच बाजूला व्हायला शिकल्या. मराठीतलं एक अक्षर न कळणाऱ्या पोरी त्या शब्दांनी चेंडू सोडू लागल्या. तीन वर्षं त्या मैदानावर हे चाललं. त्या तीन वर्षांत दर्शना जेवढी सुखी होती, तेवढी पुढे कधी झाली नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण ऐकणाऱ्याला वाईट वाटलं असतं.

मग आली चैत्रातली जत्रा. दर्शनाला अठरावं पुरं होऊन दोन महिने झाले होते. जोतीराम म्हणाले, जत्रेला गावी जाऊन येऊ. रंगूनहून कुणीतरी माणसं थीडाचा खेळ बघायला तामूला येणार होती. दर्शनानं गेटपाशी थीडाचे हात धरून सांगितलं, "पंद्रा दिन. तुझ्या खेळाच्या आधी परत येते."

आता गलाईवाल्यांच्या गावात जत्रा म्हणजे काय, हे त्या पोरीला कसं ठाऊक असणार? जत्रेलाच सगळे कर्ते पुरुष एका ठिकाणी सापडतात. मग वर्षभराचे तुंबलेले निर्णय त्या आठवड्यात उरकायचे. वाटण्या, भांडणं, मुलगी बघणं, सुपारी, साखरपुडा, सगळं पालखीच्या पुढे-मागे. दुसऱ्या दिवशी उदयसिंहच्या घरचे पोहे खाऊन गेले. पाचव्या दिवशी सुपारी फुटली. तेराव्या दिवशी लग्न, कारण पंधराव्या दिवशी नवरदेवाला कोइमतूरची गाडी होती. दर्शनाला कुणी फसवलं असं म्हणता यायचं नाही. विचारलंही होतं, "पोरगा पसंत हाय न्हवं?" पोरगा खरोखरच पसंत होता. पण थीडाचं काय, असं विचारायला त्या गर्दीत जागाच नव्हती. कराडला रेल्वेत बसताना तिच्या हातावरची मेंदी ताजी होती आणि गाडी मात्र उलट्या दिशेला निघाली होती.

जोतीराम आणि धुळा मोऱ्याला परत गेले. पुढच्या दिवाळीत धुळा भेटला तेव्हा दर्शनानं एकच विचारलं.

"आलती की," धुळा म्हणाला. "चार आयतवार आली. खिडकीतनं आत बघायची आन जायची. म्या सांगितलं, शादी हो गया. तर म्हनली, कब आयेगी? आता काय सांगू पोरी तिला? म्या म्हनलं, पंद्रा दिन."

पुढं दोन वर्षांनी जोतीरामांनी दुकान विकलं आणि ते गावी आले. मोऱ्याशी असलेला धागा तुटला. दर्शना कोइमतूरच्या दोन खोल्यांत संसार करत होती, आणि खोटं कशाला बोला, संसार चांगलाच चालला होता. उदयसिंह माणूस दिलदार. पण दुकानात कुणी मूस उचलली की दर्शनाचे कान टवकारायचे. तिथं खिडकी नव्हती. तिथं कुणी काही ओरडत नसे.

लग्नानंतर सहा वर्षांनी फेसबुकावर तिला थीडा सापडली. हातात मोठे हातमोजे, अंगात देशाचा शर्ट. म्यानमारच्या राष्ट्रीय संघाची तिसरी गोलकीपर! दर्शना एवढ्या जोरात ओरडली की मांडीवरची शिवांजली रडायला लागली. तिसरी गोलकीपर म्हणजे देवळाबाहेर चपला राखणाऱ्यासारखी. यात्रेला सगळ्यांबरोबर जायचं, पण आत जायची पाळी येत नाही. पहिली पडली तर दुसरी, दुसरी पडली तर तिसरी. थीडा बाकावरच असायची, आणि कॅमेरा बाकाकडे कधी वळत नाही. दर्शनानं तिचा एकही सामना बघितला नव्हता असं नाही. सगळे बघितले, पण थीडा कधी दिसली नाही.

थीडाचं हिंदी गंजलं होतं. लिहिता येत नव्हतं, म्हणून ती आवाज पाठवायची. पहिलाच आवाज आला तो घोगरा, ओरडून ओरडून बसलेला, हसणारा. "दर्शना, कब आयेगी?"

दर्शनानं रडत रडत उत्तर पाठवलं, "पंद्रा दिन."

मग तो त्यांचा खेळच झाला. महिन्यातून एकदा तिकडून "कब?" यायचं आणि इकडून "पंद्रा दिन" जायचं. उदयसिंह चिडवायचा, "तुझी बर्म्याची सवत काय म्हनती?" आणि मग खरंच म्हणायचा, "जाऊ की एकदा मोऱ्याला. येत्या जत्रंनंतर बघू." जत्रा येत होत्या आणि जात होत्या. सासरे वारले, सुलाबाई एकट्या पडल्या, दर्शना लेकीला घेऊन विट्याला आली. जाऊ, जाऊ म्हणत राहिले, आणि जायचा रस्ताच बंद झाला.

आधी करोना आला, गेट बंद पडलं. मग थीडाच्या देशात लष्करानं सत्ता घेतली आणि गडबड सुरू झाली. तिकडचं इंटरनेट गेलं, आलं, परत गेलं. दर्शनाचा शेवटचा "पंद्रा दिन" तिकडे पोचलाच नाही. त्याच्याखाली बघितल्याची खूण कधी उमटली नाही. तामूकडच्या बातम्या येत त्या घरं जळल्याच्या, माणसं जंगलात पळाल्याच्या. पुढे मोऱ्याच्याही तसल्याच यायला लागल्या. गेली चार वर्षं म्यानमारच्या संघाची यादी आली की दर्शना त्यात एक नाव शोधायची आणि ते सापडायचं नाही. थीडा आता चौतिसाची. या वर्षी नाही, तर पुढे कधीच असणार नव्हती. ती आहे की नाही, एवढंच दर्शनाला हवं होतं. भेट राहू दे, बोलणं राहू दे. फक्त आहे, एवढं कळू दे.

तर ती करपलेली भाकरी या सगळ्याची होती.

सामन्याच्या दिवशी दुपारी शिवांजली शाळेत होती. दर्शनानं मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून सोप्यात ठेवला. सुलाबाई शेजारी घेवड्याच्या शेंगा निवडत बसल्या.

"हाय का तुझी मैत्रीण?" त्यांनी विचारलं. मैत्रिणीपुरतं त्यांना सगळं ठाऊक होतं. सून काय लपवते हे सासूला कळलं नाही, तर ती सासू कसली.

"यादीत न्हाई आत्या."

"मग कशाला बघतीस?"

दर्शनानं मोबाइलची काच पदरानं पुसली. "बाकावर असंल. पानी देनाऱ्यांत असंल. कुठं तरी..."

सुलाबाईंनी शेंगेची शीर काढली. "मालक तिकडं धनबादच्या दुकानातच वारले. फोन आला, पन रेल्वेनं दोन दिसांची वाट. मी पोचायच्या आत सगळं उरकलं हुतं. तोंड न्हाई बघितलं म्या. अजून कवा दार वाजलं की वाटतं, आलं." मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बघ तू. म्या काय म्हनत न्हाई."

स्टेडियम जवळजवळ रिकामं होतं. या प्रक्षेपणाला बोलणारंही कुणी नव्हतं. नुसता वारा, शिट्टी आणि चेंडूचे धपके. म्यानमारच्या पोरी लाल शर्टांत, समोरच्या पांढऱ्या शर्टांत आणि अंगानं तगड्या. राष्ट्रगीताला रांग लागली तेव्हा दर्शनानं एकेक तोंड बघून घेतलं. रांगेच्या टोकाला तीच एकोणीस वर्षांची गोलकीपर होती; पहिल्या दोघी जायबंदी होत्या की काय कोण जाणे, आज तिसरीची पाळी आली होती. काटकुळी, भेदरलेली. कॅमेरा बाकाच्या अलीकडेच थांबला आणि परत फिरला. दरवेळी तिथंच थांबायचा. दर्शनानं मोबाइल जरा वाकडा करून बघितला, जसं काही त्यानं बाक दिसणार होतं.

विसाव्या मिनिटाला पांढऱ्या पोरींना कोपऱ्यातून चेंडू मारायचा मिळाला. गोलपुढे ही गर्दी. चेंडू उंच आला. म्यानमारची एक दांडगी पोरगी डोकं लावायला वर उठली, आणि मागून ती काटकुळी गोलकीपर झेपावत ओरडली,

"घेतलंऽ, सोडाऽ!"

दांडगी पोरगी जागच्या जागी खाली बसली. चेंडू गोलकीपरच्या हातात.

दर्शनानं कान चोळला. आपल्याला वेड लागलं, असं तिला वाटलं. इतकी वर्षं एकच गोष्ट मनात घोळवली की कान वाजायला लागतात, असं ऐकलं होतं.

सुलाबाईंचा हात शेंगांत थांबला होता. "आगं," त्या म्हणाल्या, "ही पोरगी आपल्यातली हाय का काय? घेतलं सोडा म्हनली न्हवं ती?"

"तुमी ऐकलं?"

"भैरी हाय का मी?"

दर्शनानं तोंडावर पदर दाबला. हसू येतंय की रडू, तिचं तिलाच कळेना. तिनं सासूला दुकानाची, खिडकीची, मुशीची गोष्ट सांगितली, पण सगळी उलटीपालटी, शेवट आधी आणि सुरुवात मागून. डोळे मोबाइलवरच. सुलाबाईंना अर्धीच कळली, पण कळायला हवी होती ती कळली. "म्हंजी हिला कुनीतरी शिकवलंय," त्या म्हणाल्या.

कुणीतरी! त्या अख्ख्या देशात हे शब्द माहीत असलेलं एकच माणूस होतं. आणि एकोणीस वर्षांच्या पोरीला ते शिकवलं असेल तर चार-दोन वर्षांतच शिकवलं असणार. त्या गडबडीनंतर. म्हणजे गडबडीतून थीडा वाचली होती. निदान तोवर तरी होती. आता आहे का?

आता तिला चेंडू कुठं जातो याच्याशी काही देणंघेणं उरलं नाही. तिनं आवाज होता तेवढा वाढवला आणि मोबाइल उचलून कानापाशी धरला. बघायचं काही नव्हतंच. ऐकायचं होतं. सुलाबाईंनीही डोकं जवळ आणलं. दोघींची डोकी एकमेकींना टेकली, सुनेचं तेल लावलेलं आणि सासूचं पांढरं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, तर सुलाबाईंनी त्याला अशी शिवी हासडली की तो पुढच्या आळीपर्यंत गप्प होता.

सव्वा तास गेला. मधे विश्रांती झाली, परत खेळ सुरू झाला. गोलकीपर आणखी दोनदा ओरडली, तेच शब्द, तोच हेल. दर्शना वाट बघत राहिली. कशाची, ते तिनं सासूला सांगितलं नाही. मोबाइलची बॅटरी तांबडी झाली होती, पण उठून चार्जर आणायचा तिला धीर नव्हता.

किती वेळ उरला ते बघायला दर्शनानं मोबाइल कानावरून डोळ्यांपुढे आणला. सामना संपायला थोडाच वेळ होता. तेवढ्यात पांढऱ्या पोरींनी लांबून एक चेंडू उंच टाकला. काटकुळी गोलकीपर पुढे आली, पण दमली होती. तिला ओरडायला उशीर झाला. दांडगी पोरगी उडी घ्यायला गुडघ्यात वाकली. आता दोघी धडकणार. दर्शनाचा हात आपोआप भुवईवर गेला. आणि तेवढ्यात मैदानाबाहेरून, कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूनं, एक आवाज आला. बाईचा. घोगरा, ओरडून ओरडून बसलेला.

"सोडाऽऽ! सोडाऽऽ!"

दांडगी पोरगी थांबली. गोलकीपरनं चेंडू छातीशी धरला.

थीडाचं तोंड दिसलं नाही. कॅमेरा चेंडूवरच होता. पण दर्शनाला ते दिसायची गरजही नव्हती. जोतीरामांनी पंधरा वर्षं त्या टीचभर खिडकीपलीकडून धुळाचं तोंड कुठं बघितलं होतं? त्यांना आवाज पुरायचा. दर्शना ताडकन उठली. पदर खांद्यावरून घसरला, शेंगांची परात लवंडली. मुशीची धग तोंडावर आल्यासारखी ती चार घरांना ऐकू जाईल अशी ओरडली, "सोडलंऽऽ!"

शेजारची बनुबाई परसातून डोकावली. "काय झालं गं सुलाबाई?"

"काय न्हाई," सुलाबाई म्हणाल्या. "सुनंची मैत्रीण बोलली. लय दिसांनी."

शिट्टी वाजली. कोण जिंकलं ते दर्शनाला नंतर कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मैदानावर पोरी एकमेकींच्या हातावर हात मारत होत्या. आता कॅमेरा बाकाकडे वळेल, आता वळेल, म्हणून ती डोळ्यांत प्राण आणून बघत होती. तो वळला नाही. चित्र काळं झालं. बॅटरी संपली होती की प्रक्षेपण, तेही कळलं नाही.

दर्शना खाली बसली आणि मनमोकळी रडली. सुलाबाईंनी तिला रडू दिलं. सांडलेल्या शेंगा एकेक करून परातीत भरल्या. सून गप्प झाली तेव्हा त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, चार्जर घेऊन आल्या आणि मोबाइलचं एक टोक धरलं.

"घेतलं म्या," त्या म्हणाल्या. "सोड आता. चार्जिंगला लावती."

दर्शनानं त्यांच्याकडे बघितलं. काळ्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि भुवईवरचा तो वण.

"थांबा की आत्या जरा," ती म्हणाली, आणि दुसरं टोक तिनं सोडलं नाही.